नोंद नसलेल्या भूकंपाचं साल निघतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास फॉल्टवर (फॉल्ट म्हणजे जमिनीतली लांब भेग, जिच्या दोन बाजू भूकंपात एकमेकींच्या तुलनेत सरकतात), पॅलेट क्रीक नावाच्या एका ठिकाणी, सातव्या शतकापासून १८५७पर्यंत दहा मोठे भूकंप झाल्याचं तुम्ही वाचलंत. त्यांतल्या बहुतेकांच्या वेळी तिथे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, यंत्रं तर नव्हतीच. मग सालं आली कुठून? मातीची ‘कार्बन टेस्ट’ केली की भूकंपाचं वर्ष हातात येतं का? आणि सरासरी १३२ वर्षांनी भूकंप होतो म्हणतात, शेवटचा १८५७चा, मग १९८९ कधीच उलटून गेलं तरी काही झालं कसं नाही?

शेवटचा प्रश्न शेवटी घेते. आधी कार्बनबद्दलचा गैरसमज काढू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. कार्बनने भूकंपाचं वय निघत नाही. कशानेच निघत नाही. भूकंप मिनिटभरात होऊन जातो आणि ज्याचं वय मोजता येईल असं स्वतःचं काही मागे ठेवत नाही. मागे राहते ती मोडलेली माती. म्हणून आम्ही, जुन्या भूकंपांचा माग काढणारे, वय मोजतो ते मोडलेल्या थरांपैकी सगळ्यात वरच्या थराचं, आणि त्यावर नंतर येऊन बसलेल्या, न मोडलेल्या पहिल्या थराचं. भूकंप या दोघांच्या मधे कधीतरी झाला, एवढंच माती सांगते. ही दोन टोकं किती जवळ आणता येतात त्यावर तारखेची किंमत ठरते. आणि ते प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा जागेवर आणि फॉल्टवर खणलेल्या चरात उतरलेल्या माणसाच्या नजरेवर जास्त अवलंबून असतं. हे मत मी उगाच मांडत नाही. पुढे कारणं येतीलच.

जागेपासून सुरुवात करू. फॉल्ट शेकडो किलोमीटर लांब असला तरी चर घेण्याजोग्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच सापडतात. डोंगरउतारावर माती साचत नाही, उलट वाहून जाते. तिथे दहा भूकंप झाले तरी एकाचाही पत्ता लागत नाही. नदीच्या पात्रात माती भरपूर साचते, पण पुढचा पूर मागचं खरवडून नेतो. आम्हाला हवी असते संथ पाण्याची, दलदलीची जागा. तिथे दर काही वर्षांनी गाळाचा पातळ थर बसतो आणि मधल्या काळात गवत-लव्हाळं वाढून, कुजून त्याचा काळा पीटचा थर तयार होतो. शिवाय फॉल्ट त्या जागेतून एका अरुंद पट्ट्यातच गेलेला हवा. तो शंभर मीटर रुंदीत दहा फाट्यांनी विखुरला असेल, तर तुमच्या चरात एकच फाटा येईल आणि तो दर भूकंपात हललाच असेल याची खात्री नाही.

पॅलेट क्रीक हे असं जमून आलेलं ठिकाण आहे. लॉस एंजेलिसच्या ईशान्येला सुमारे ५५ किलोमीटरवर. तिथल्या दलदलीत शतकानुशतकं पीट, गाळ आणि वाळू यांचे थर एकावर एक बसत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओढ्याने आपलं पात्र खोल कापलं, पाण्याची पातळी उतरली आणि ते थर कोरडे, उघडे पडले. भूशास्त्रज्ञ केरी सीह यांनी सत्तरच्या दशकात तिथे चर घेतले आणि १९७८ साली त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. आज जगभर ज्या पद्धतीने प्राचीन भूकंप शोधले जातात तिचा पाया बऱ्याच अंशी तिथे घातला गेला.

आता चरात काय दिसतं ते. चर फॉल्टला आडवा घ्यायचा, साधारण दोन पुरुष खोल, भिंती ढासळू नयेत म्हणून टेकू लावून. यंत्राने खणलेली भिंत लिंपून काढल्यासारखी दिसते. बकेटने माती घासली गेल्यामुळे थर एकमेकांत मिसळल्याचा भास होतो. ती आधी खुरप्याने, मग थापीने आणि शेवटी ब्रशने साफ करायची. दोऱ्या ताणून चौकटी आखायच्या, थरांच्या हद्दींवर रंगीत फिती बांधलेले खिळे टोचायचे आणि एकेक चौकट उतरवून घ्यायची. पूर्वी हे आलेखाच्या कागदावर व्हायचं, आता जोडलेल्या फोटोंवर होतं. काम कंटाळवाणं आहे, आणि घाई केली की घात इथेच होतो.

भिंत साफ झाली की पीटचा वीतभर जाडीचा काळा पट्टा सरळ जाताना दिसतो आणि एका जागी अचानक चार बोटं खाली सरकलेला असतो. सरकला तिथे एक बारीक, जवळजवळ उभी रेघ असते. तिचा माग काढत वर जायचं. ती आणखी दोन थर कापते आणि मग एका राखाडी गाळाच्या बुडाशी थांबते. गाळ रेघेवरून अखंड पुढे गेलेला असतो. याचा अर्थ, जमीन फाटली तेव्हा हा गाळ अजून आलेलाच नव्हता. रेघ जिथे संपली ती पातळी म्हणजे भूकंपाच्या दिवशीची उघडी जमीन. त्या दिवशी कुणी तिथे उभं असतं तर पाय त्याच पातळीवर टेकले असते.

पण नुसती रेघ संपली एवढ्यावर मी भूकंप मानत नाही. सैल वाळूत भेग वर जाता जाता आपोआप विरून जाते. तिथे जमीन नव्हती, फक्त भेगेचा जोर संपला. चरात पहिल्यांदा उतरणारी मंडळी अशा प्रत्येक टोकाला एक भूकंप बहाल करतात आणि यादी लांबत जाते. म्हणून जोडीला दुसरा पुरावा पाहायचा. उघड्या भेगेत वरून पडलेली माती भरलेली आहे का? खालचे थर वरच्यांपेक्षा जास्त कललेले आहेत का, आणि तो फरक याच पातळीवर सुरू होतो का? युटामधल्या वॉसॅचसारख्या, एक बाजू खाली खचणाऱ्या फॉल्टवर उभा कडा तयार होतो आणि त्याच्या पायथ्याशी ढासळलेल्या मातीची पाचर साचते. तशी पाचर दिसली की बोलणंच खुंटतं. माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र वाळूचा. जोराच्या हादऱ्याने पाण्याने भरलेली खालची वाळू पातळ होते, भेगेतून उसळून वर येते आणि जमिनीवर पसरते. चरात तिची उभी शीर आणि तिच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेला चपटा ढीग सलग दिसतो. तो ढीग भूकंपाच्या दिवशीच्या जमिनीवर बसलेला असल्यामुळे पातळीबद्दल वाद उरत नाही. पॅलेट क्रीकला असे उमाळे सापडले आहेत. फक्त एक ध्यानात ठेवायचं: वाळू जवळच्या दुसऱ्या एखाद्या फॉल्टच्या हादऱ्यानेही उसळते. तेव्हा ‘भूकंप झाला’ आणि ‘तो याच फॉल्टवर झाला’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

उलट बाजूही आहे. दोन भूकंपांच्या मधे त्या जागी थरच बसला नाही, तर चरात दोन्ही मिळून एकच दिसतात. म्हणून यादीतला आकडा नेहमी ‘किमान इतके’ असा वाचावा.

आता कार्बन. झाड, गवत, बी जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत असतं आणि त्यात कार्बन-१४चा अत्यल्प अंश असतो. मेल्यावर घेणं बंद. आत असलेला कार्बन-१४ मात्र घटत राहतो, ५,७३० वर्षांत निम्मा. उरलेला मोजला की ते कधी मेलं ते कळतं. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतकं काही उरत नाही. हल्लीच्या यंत्रांना मिलिग्रॅमभर कार्बनही पुरतो, म्हणजे एखादी बीसुद्धा चालते.

प्रयोगशाळेतून येतो तो आकडा मात्र इसवी सनातला नसतो. हवेतलं कार्बन-१४ सगळ्या काळात सारखं नव्हतं. म्हणून वर्षावर्षाने मोजून ठेवलेल्या वृक्षवलयांवरून एक दुरुस्तीचा आलेख तयार केलेला आहे आणि मिळालेलं वय त्यावर बसवावं लागतं. हा आलेख सरळ उतरला असता तर आमचं आयुष्य सोपं झालं असतं. काही ठिकाणी तो सपाट आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळातल्या कुठल्याही वर्षाचं लाकूड द्या, कार्बनचं वय जवळपास एकच येतं. १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत तो इतका वरखाली होतो की एकच मोजमाप तीन-चार वेगवेगळ्या कालखंडांत बसतं. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाची तारीख कधी कधी तीनशे वर्षांपूर्वीच्या भूकंपापेक्षा नेमकी निघते. ऐकायला विचित्र वाटतं, पण आलेखाचा उतारच तसा आहे.

याहून मोठा धोका नमुन्यात असतो. थरात कोळशाचा कण सापडला की नवशिक्याला आनंद होतो. पण तो कण थर बसला त्या वर्षीचा कशावरून? तीनशे वर्षांच्या वृक्षाच्या गाभ्यातलं लाकूड, वणव्यात जळालं, डोंगरावर कुठेतरी शंभर वर्षं पडून राहिलं, पुरात वाहत इथे आलं. त्याचं कार्बनचं वय अचूक मोजलेलं असेल, पण ते गाभ्याचं वय, थराचं नव्हे. नव्या घराच्या भिंतीत जुन्या वाड्याच्या विटा बसवलेल्या असाव्यात, तसं हे. अशा कोळशाने थर नेहमी खऱ्यापेक्षा जुना ठरतो. उलट झाडाचं मूळ वरून खाली घुसतं, जुन्या थरात मरतं आणि थराला तरुण ठरवतं. म्हणून नमुना काढताना मी चिमट्याने कण उचलण्याआधी भिंगातून त्याच्या भोवतालची माती बघते: मुळाच्या वाटेने आलेली गडद रेघ दिसते का, कण गोलाकार झिजलेला आहे का. झिजलेला म्हणजे वाहत आलेला. टोकदार कण बरा. त्याहून बरी बी किंवा पान, कारण इतकी नाजूक वस्तू शंभर वर्षं वाहत फिरून शाबूत राहत नाही. आणि सगळ्यांत बरं जागच्या जागी वाढलेलं पीट. पॅलेट क्रीकचं खरं भाग्य तेच आहे. १९८९ साली सीह, स्टुइव्हर आणि ब्रिलिंजर यांनी तिथल्या पीटची जास्त काटेकोर मोजणी करून यादी सुधारली, आणि काही भूकंपांची अनिश्चितता शतकाच्या हिशेबातून दशकांच्या हिशेबात आली. वाहत आलेल्या कोळशावर हे कधी जमलं नसतं.

हिमालयाच्या पायथ्याशी गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथल्या मुख्य फॉल्टवरचे बहुतेक चर नदीने आणलेल्या गोट्या-वाळूत आहेत आणि हाती लागतो तो वाहत आलेला कोळसा. म्हणून तिथल्या तारखा पुष्कळदा शंभर-दोनशे वर्षांच्या फटीत अडकतात आणि दोन गटांचे निष्कर्ष जुळत नाहीत. तरी जिथे लेखी नोंद मदतीला येते तिथे कोडं सुटतं. नेपाळच्या तराईत बर्दिबासजवळ सीर खोला इथल्या कामात १९३४च्या भूकंपाने जमीन फाटल्याची खूण सापडली. त्याआधी ती फाट पृष्ठभागापर्यंत पोहोचलीच नाही असं बहुतेकांचं मत होतं. तिथेच आणखी एका जुन्या भूकंपाची खूण मिळाली. तिची तारीख ७ जून १२५५च्या, नेपाळचा राजा अभय मल्ल ज्यात गेला त्या भूकंपाशी जुळते. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. कार्बनने फक्त फट दिली. दिवस दिला तो इतिहासाने.

कोळसा, बी, पीट यांतलं काहीच नसेल तर वाळूचे कण उपयोगी पडतात. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे कण अंधारात पुरले गेले की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांच्यात साठत जाते. उन्हात आले की ती निघून जाते आणि घड्याळ शून्यावर येतं. त्यांच्यावर प्रकाश टाकून साठलेली ऊर्जा मोजली, आणि ती वर्षाला किती साठते हे तिथल्या मातीवरून काढलं, की ऊन शेवटचं कधी लागलं ते निघतं. नमुना घ्यायचा तो पोलादी नळी भिंतीत ठोकून, दोन्ही टोकं तत्काळ झाकून; उघडायचा तो मंद लाल दिव्याच्या खोलीत. अडचण अशी की पुराच्या गढूळ पाण्यात किंवा अचानक ढासळलेल्या मातीत कणांना पुरेसं ऊन मिळतच नाही. जुनी ऊर्जा शिल्लक राहते आणि थर पुन्हा खऱ्यापेक्षा जुना ठरतो. एकेक कण वेगळा मोजला तर हे लक्षात येतं. मातीत इतक्या शतकांत सरासरी ओल किती होती हेही गृहीत धरावं लागतं. मी या पद्धतीचा उपयोग करते, पण पीट असताना तिच्या नादाला लागत नाही.

नेमकं वर्ष देणारा साक्षीदार एकच, झाड. फॉल्टवर उभ्या झाडाची मुळं तुटली, शेंडा मोडला, की पुढची काही वर्षं त्याची वलयं अगदी अरुंद होतात. राइटवूडजवळ, सॅन अँड्रियासवरच, अशी झाडं सापडली. त्यांची वलयं सांगत होती की आघात १८१२ची वाढ संपल्यावर आणि १८१३ची सुरू होण्याआधी झाला. आता गंमत बघा. ८ डिसेंबर १८१२ला सॅन हुआन कॅपिस्ट्रानोच्या मिशनमधलं दगडी चर्च भूकंपात कोसळून प्रार्थनेला जमलेली ४० माणसं मेल्याची नोंद होतीच. पण तो भूकंप सॅन अँड्रियासवरचा, असं सांगायला काही आधार नव्हता, कारण चर्च फॉल्टपासून बरंच दूर, समुद्राकडे आहे. झाडांनी तो आधार दिला. हा निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाला. आणि त्यातून निघालं की फॉल्टच्या या भागात दोन मोठ्या भूकंपांमधलं अंतर फक्त ४४ वर्षांचं होतं, १८१२ आणि १८५७. कार्बनने हे दोन कधीच वेगळे झाले नसते, कारण दोन्ही त्या वरखाली होणाऱ्या तीनशे वर्षांत येतात.

उत्तरेला, वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचं उदाहरण तर आमच्या विषयातलं सगळ्यात देखणं आहे. तिथला फॉल्ट समुद्राखाली आहे. चर घ्यायची सोयच नाही. पण मोठ्या भूकंपात किनारा मीटर-दीड मीटर खचतो आणि भरतीचं खारं पाणी जंगलात शिरतं. कोपालिस नदीकाठी देवदाराच्या जातीचे वाळलेले करडे वृक्ष अजून उभे आहेत. भूशास्त्रज्ञ ब्रायन ॲटवॉटर यांनी १९८७ साली खचलेल्या दलदलींवरून मोठे भूकंप दाखवून दिले. कार्बनने हे वृक्ष मेल्याचा काळ १७००च्या आगेमागे आणला. पुढचं अवघड होतं, कारण उभ्या खोडांची बाहेरची वलयं ऊनपावसाने झडून गेली होती आणि शेवटचं वलय नसेल तर मरणाचं वर्ष निघत नाही. तेव्हा चिखलात पुरलेली मुळं उकरली गेली. त्यांची साल शाबूत होती. शेवटचं वलय निघालं १६९९चं. म्हणजे झाडं ऑगस्ट १६९९ आणि मे १७०० यांच्या दरम्यान मेली. इकडे जपानच्या किनाऱ्यावर जानेवारी १७००मध्ये एक त्सुनामी आल्याची नोंद होती, पण त्याआधी तिथे भूकंप कुणालाच जाणवला नव्हता. ती लाट पॅसिफिक ओलांडून यायला लागलेला वेळ वजा केला की भूकंप येतो २६ जानेवारी १७००ला, अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावरच्या वेळेने रात्री नऊच्या सुमाराला. झाडांनी दिलेल्या नऊ-दहा महिन्यांच्या फटीत ही तारीख चपखल बसते.

अशी चैन क्वचितच वाट्याला येते. बाकी वेळी हाती असतात ढीगभर कार्बनच्या तारखा, प्रत्येकीला शंभर-दीडशे वर्षांची फट. त्या घट्ट करायला थरांचा क्रम कामी येतो. समजा, भूकंपाखालच्या पीटची तारीख १०२० ते ११६० अशी आली आणि वरच्या पीटची ११०० ते १२२०. नुसतं पाहिलं तर भूकंप १०२० ते १२२० मधे कुठेही. पण खालचा थर वरच्यापेक्षा आधीचा, हे पक्कं आहे; म्हणून खालचा ११५०चा आणि वरचा १११०चा अशा सगळ्या जोड्या बाद होतात. त्यांच्याखालच्या आणि वरच्या आणखी पाच-सहा थरांनाही हाच नियम लावला, मधलं पीट इतकं जाड व्हायला किमान किती वर्षं लागली असतील ते धरलं, की दोनशे वर्षांची फट साठ-सत्तरवर येऊ शकते. ऑक्सकॅल नावाची संगणक-आज्ञावली हेच गणित लाखो वेळा करून संभाव्यतेचा आलेख काढते. पण तिला दिलेला एक जरी कोळसा वाहत आलेला असेल तरी ती तितक्याच देखण्या आलेखात चुकीचं उत्तर देते. लेखात फट फारच अरुंद दिसली की मी आधी नमुन्यांचा तक्ता उघडते: किती पीट, किती बिया, किती कोळसा.

इथवरचं एकत्र करायचं तर: आधी भूकंपाच्या दिवशीची जमीन ओळखायची, मग तिच्या लगेच खालचं आणि लगेच वरचं काहीतरी भरवशाचं मोजायचं, मग क्रमाच्या जोरावर फट आवळायची. यातली पहिली पायरी डळमळीत असेल तर पुढच्या दोन कितीही चोख केल्या तरी उपयोग नाही.

आता एका चरातून दुसऱ्या चराकडे. शंभर किलोमीटर अंतरावरच्या दोन चरांत ‘११२० ते ११८०’ अशी एकच फट आली, तर तो एकच प्रचंड भूकंप मानायचा मोह होतो. फाट जितकी लांब तितका भूकंप मोठा, मग बातमीही मोठी. तुर्कस्तानातल्या उत्तर अनातोलिया फॉल्टकडे बघा. १९३९ साली एर्झिंजानपासून सुरुवात झाली. मग १९४२, १९४३, १९४४, १९५७, १९६७ आणि १९९९ असे मोठे भूकंप साधारण पश्चिमेकडे सरकत गेले. साठ वर्षांत फॉल्टचा जवळजवळ सगळा लांब पट्टा तुकड्यातुकड्याने फाटला. हजार वर्षांनी कुणी तिथे दहा चर घेतले आणि नोंदी हरवलेल्या असल्या, तर कार्बनच्या तारखा सगळीकडे एकच येतील आणि तो माणूस एकाच महाभूकंपाचा शोध जाहीर करेल. म्हणून चरांमधली तारखांची जुळणी मी ‘एकच असू शकतो’ एवढ्यावरच सोडते. फाट किती सरकली याचे आकडे दोन्हीकडे मोठे असतील तर एकाकडे थोडी झुकते, इतकंच.

आणि तुमचे १३२. हा आकडा कसा आला पाहा: दहांपैकी पहिला सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला, शेवटचा १८५७चा, मधे नऊ अंतरं, भागाकार केला की १३२ येतात. पण त्या नऊ अंतरांपैकी पाच शंभर वर्षांच्या आतली आहेत, आणि उरलेल्या चारांतली तीन दोन ते तीन शतकांची. दोन-तीन भूकंप लागोपाठ, मग लांब शांतता, असा तो नमुना आहे. १३२च्या आसपासचं अंतर तिथे जवळजवळ घडतच नाही. तेव्हा १९८९ ही मुदत कधी नव्हतीच. १८१२ आणि १८५७ ही जोडी लागोपाठच्या गटातली धरली, तर १८५७ नंतरची शांतता लांब अंतरांच्या गटात बसते आणि त्या गटातली अंतरं दोनशे-तीनशे वर्षांची आहेत. शिवाय हे एका ठिकाणचं. राइटवूड किंवा आणखी दक्षिणेच्या चरांतल्या याद्या हुबेहूब अशा नाहीत.

सगळे फॉल्ट असे लहरी नसतात. न्यूझीलंडच्या आल्पाइन फॉल्टवर होकुरी क्रीक इथे सुमारे ८,००० वर्षांतले २४ भूकंप थरांतून मोजले गेले. सरासरी अंतर ३२९ वर्षं, आणि चढउतार त्यामानाने कमी. शेवटचा १७१७च्या सुमाराचा. तिथे सरासरीला खरंच वजन आहे. म्हणून तिथल्या तळ्यांतल्या गाळाचेही पुरावे जोडून २०२१ साली पुढच्या ५० वर्षांत मोठा भूकंप होण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के असल्याचा अंदाज मांडता आला. पॅलेट क्रीकच्या यादीवरून इतक्या ठामपणे बोलायला मी धजणार नाही, आणि कुणी बोललं तर त्याने नऊ अंतरांचा तक्ता समोर ठेवावा असं म्हणेन.